तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हे खरं आहे का हो?’

भावकीचा ग्रुप असो, सोसायटीची लिफ्ट असो की लग्नाची पंगत, मोबाइल पुढे येतो आणि प्रश्न ठरलेला: ‘तुम्ही पेपरवाले ना, हे खरं आहे का हो?’ मागोमाग दुसरा, जरा खोचक: ‘मग तुम्ही स्वतः कशावर विश्वास ठेवता?’ डेस्कवर इतकी वर्षं काढूनही याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि तुम्हाला तर एका वाक्यातलंच हवं असतं. एकदाच लिहून टाकतो. पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

अमुक पेपर विश्वासाचा आणि तमुक चॅनेल विकलेलं, अशी यादी माझ्याकडे मागू नका. एकाच पेपरच्या एकाच पानावर चार-पाच जातींच्या बातम्या असतात. एक पीटीआय या वृत्तसंस्थेची, एक आमच्या प्रतिनिधीची, एक तालुक्याच्या वार्ताहराची, एक जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट जशीच्या तशी, आणि एक ‘बातमी’ अशी की कोपऱ्यात बारीक टायपात ‘मार्केटिंग फीचर’ लिहिलेलं असतं. तालुक्याचा वार्ताहर बहुतेक ठिकाणी तुटपुंज्या मानधनावर असतो आणि वाढदिवसाच्या, दिवाळीच्या जाहिराती आणायचं कामही त्याच्याच गळ्यात असतं. ज्या साखर कारखान्याची पानभर जाहिरात आणायची, त्याच कारखान्याच्या थकीत एफआरपीची, म्हणजे शेतकऱ्याला उसासाठी द्यायच्या किमान दराची, बातमी तो किती कॉलमांची करेल?

‘पण तीन पेपरांत आलंय!’ असं म्हणाल, तर तिन्हींमधला तिसरा परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. पहिला परिच्छेद उपसंपादक बदलतो, मथळा तर बदलतोच. तिसऱ्याला सहसा कोणी हात लावत नाही. तो शब्द न् शब्द सारखा निघाला तर तुमच्यासमोर तीन पेपर नाहीत, एकच प्रेसनोट आहे. २००९च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याचा गौरव करणारा तोच मजकूर निरनिराळ्या दैनिकांत शब्दशः छापून आला होता. ‘पेड न्यूज’ हा शब्द मराठी वाचकाच्या तोंडी रुळला तो त्यानंतर. तेव्हा आमच्या धंद्याची बाजू घेऊन तुमच्याशी भांडायला मी बसलेलो नाही.

क्रियापदंही बघत चला. ‘समजते’ म्हणजे कोणीतरी फोनवर सांगितलं. ‘सूत्रांनी सांगितले’ यात सूत्रं अनेकवचनी असतात, माणूस बहुधा एकच. ‘चर्चा आहे’ म्हणजे ती चर्चा आता आम्ही सुरू करतोय. गुन्ह्याच्या बातमीत ‘फिर्यादीत म्हटले आहे’ हे तीन शब्द आत कुठेतरी असतात, पण मथळ्यात मावत नाहीत. मग एका बाजूची फिर्याद मथळ्यात घडलेली घटना म्हणून बसते.

सरकारी कागदाचं त्या मानाने सोपं आहे, तरी सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच. शासन निर्णयाच्या शेवटी एक वाक्य असतं: सदर शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो अठरा अंकी आकडा नुसता वाचला तरी अर्धं काम होतं. पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. वर तारीख या महिन्याची आणि संकेतांकाची सुरुवात २०१९ने, तर कोणीतरी जुन्याच कागदाची तारीख खोडून नवी चिकटवली आहे. एरवी तो आकडा शासनाच्या संकेतस्थळावर टाकायचा. निर्णय असेल तर पीडीएफ निघते. पावसाळ्यात शाळांच्या सुट्टीची जी पत्रं फिरतात त्यांना असा संकेतांक नसतो. तिथे जावक क्रमांक आणि तारीख बघा, सहीखाली जिल्हा कोणता ते बघा, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकृत खात्यावर तेच पत्र आहे का ते बघा. गेल्या वर्षीचं खरं पत्र या वर्षी फिरतं, ते बनावट नसतं आणि तरी खोटं असतं.

आकड्यांचंही तसंच. ‘कोयनेतून आज ५० टीएमसी सोडलं’ असा मेसेज आला की गुणाकार करा. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक लाख क्युसेक विसर्ग चोवीस तास अखंड चालला तर ८.६४ टीएमसी होतात. म्हणजे पन्नाससाठी दिवसभर जवळजवळ पावणेसहा लाख क्युसेक हवा. धरणाची पूर्ण क्षमताच १०५.२५ टीएमसी. कोणीतरी ५० हजार क्युसेकमधला हजार खाल्ला आणि एकक बदललं. सांगलीतल्या माणसाला हे शिकवायला लागत नाही म्हणा.

इथवर सगळं हाताशी आहे. खाली लिहितोय तिथे माझं घोडं अडतं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची. एका लहान मुलीशी बोलल्याचं निमित्त झालं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. ‘पोरं पळवणारे’ म्हणून जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे ठेचून मारलं. पाचही जण गेले.

त्याआधी काही आठवडे देशभर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. हा कराचीतल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी केलेला छोटा चित्रपट होता. मूळ फितीत ते दोघं परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि फलक दाखवतात: मुलांवर लक्ष ठेवा. शेवट कापला आणि जाहिरातीचा पुरावा झाला. हे शोधायला फार काही लागत नव्हतं. व्हिडिओ तीन-चार ठिकाणी थांबवायचा, स्क्रीनशॉट घ्यायचे, ते फोटो-शोधात टाकायचे. दुकानाच्या पाटीवरची लिपी बघायची, नंबरप्लेट बघायची. एमएच-१८ दिसते का? मग धुळ्याचं कशावरून?

२०१८च्या आधी मी लोकांना सांगायचो, ‘छापून येईपर्यंत थांबा.’ नंतर सांगू लागलो, ‘पुढे पाठवण्याआधी तपासा.’ आज त्या दोन्ही वेळच्या मला विचारावंसं वाटतं: राईनपाड्याच्या बाजारात याचा काय उपयोग होता? तिथे उभ्या माणसाच्या हातात व्हिडिओ असायचीही गरज नव्हती. त्याला भाजीवाल्याने सांगितलं होतं, मेहुण्याने सांगितलं होतं, शेजारच्या पाड्यावरून फोन आला होता. त्याच्या हिशेबी तीन वेगवेगळ्या, ओळखीच्या, विश्वासातल्या माणसांनी सांगितलं. तिघांचं मूळ एकच सांगोवांगी होतं, हे त्याला कसं कळावं? आमच्या तीन पेपरांतल्या एका प्रेसनोटपेक्षा हे वेगळं कुठे आहे?

आणि आम्ही काय छापत होतो? अशा घटनांचा ठरलेला मथळा बघा: ‘मुले पळवणाऱ्या टोळीच्या संशयावरून मारहाण’. व्याकरण बिनचूक. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘टोळी’ राहते, ‘संशय’ गळतो. टोळी नव्हतीच. ‘अफवेवरून भिक्षेकऱ्यांना मारहाण’ असं लिहिता आलं असतं, अक्षरंही कमीच लागली असती. कोणी म्हणेल, घटना कळते त्या रात्री अफवा की टोळी हे डेस्कला ठाऊक नसतं. बरोबर आहे. मग ‘टोळी’ तरी कशी ठाऊक असते?

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली, एप्रिल २०२०मध्ये खूप फिरलेल्या मेसेजला एका वेळी एकच चॅट. दोन बाणांची खूण म्हणजे मेसेज पाच किंवा जास्त हातांतून आलाय. किती फिरला एवढंच ती सांगते. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की खूण गेली.

तेवढ्यात १६ एप्रिल २०२०ला पालघरच्या गडचिंचलेत जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना मारलं. पुन्हा अफवा, या वेळी चोरांची. पुढे त्याच हत्येच्या व्हिडिओवर दुसरी अफवा चढली. मागे कोणीतरी ‘ओये बस’ म्हणतो, ते ‘शोएब बस’ म्हणून फिरवलं गेलं. राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटकेतल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नाही हे सांगावं लागलं. इथून एक सवय मी उचलली, ती देतो: व्हिडिओखालचा मजकूर आधी वाचू नका. स्क्रीन उलटी ठेवून नुसता आवाज ऐका. मग ज्याने मजकूर वाचलेला नाही अशा माणसाला ऐकवा, आणि काय ऐकू आलं ते विचारा. आधी वाचलं की कान तेच ऐकतो.

तर माझा प्रश्न ‘कोण म्हणतं?’ हा नसतो, ‘त्याला कसं कळलं?’ हा असतो. पाहिलं? कागद बघितला? की कोणी सांगितलं, आणि त्याला कोणी? साखळी दोन कड्यांत तुटली तर मी थांबतो.

तुम्ही म्हणाल, पोरगं अंगणात खेळतंय आणि दारात अनोळखी माणूस उभा आहे, तेव्हा दोन कड्या मोजत बसायचं का? हे मला एकदा एका बाईंनी विचारलं होतं. त्यांना मी ११२ला फोन करा म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘आमच्या पाड्यावर गाडी यायला दीड तास लागतो.’