तुम्ही विचारलेत म्हणून : फिल्म कॅमेऱ्याची एका दिवसाची सहल

मी प्रवासात फिल्मवर छायाचित्रे काढतो हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : हाती एकच दिवस असेल, तर कॅमेरा घेऊन कुठे जावे? त्यांना ठिकाणांची यादी हवी असते आणि मी मात्र उलट विचारतो, की कॅमेऱ्यात रोल कोणता आहे. ३५ मिमीच्या रोलवर ३६ फ्रेम मिळतात, तर १२० नावाच्या रुंद रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या अवघ्या १२. शिवाय एकदा भरलेल्या रोलचा आयएसओ, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा, तो रोल संपेपर्यंत बदलता येत नाही. त्यामुळे सकाळी समुद्रकिनारा, दुपारी गुहा आणि रात्री दिव्यांची बाजारपेठ हा डिजिटल कॅमेऱ्याला सहज पेलणारा बेत फिल्मवाल्याला जड जातो.

१०० आयएसओचा रोल असेल, तर मी उघड्यावरचे ठिकाण निवडतो : बंदर, मिठागर किंवा डोंगरमाथा. लख्ख उन्हात भिंगाचे छिद्र एफ/१६ आणि शटर १/१२५ सेकंद हा जुना हिशेब तिथे प्रकाशमापकावाचूनही चालतो. स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट सुलटे रंगीत चित्र उमटते) घेऊन भर दुपारी अरुंद गल्ल्यांत शिरू नये. ऊन आणि सावली दोन्ही सांभाळणे तिच्या आवाक्याबाहेरचे असते. रंगीत निगेटिव्ह फिल्म (जिच्यावर उलट्या रंगछटा उमटतात आणि त्यावरून छापील चित्र काढतात) त्या मानाने बरीच सोशिक. ४०० आयएसओच्या कृष्णधवल रोलला रेल्वे स्थानके, छपराखालचे बाजार आणि जुनी प्रार्थनास्थळे मानवतात. मात्र तिथे एक सेकंदाहून अधिक एक्स्पोजर (फिल्मवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) लागत असेल, तर मापकाने सांगितल्यापेक्षा जास्त वेळ द्यावा, कारण मंद प्रकाशात फिल्मचा प्रतिसाद घटत जातो.

तरीही एक नाव सांगाच, असा आग्रह झाला, तर मी इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातल्या लॅकॉक ॲबीचे नाव घेतो. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेले विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये आपल्या या राहत्या घराच्या एका खिडकीचे चित्र कागदावर उतरवले, आणि आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने कॅमेरा निगेटिव्ह ते हेच. ते टपाल तिकिटाएवढेच आहे. पण काढले तेव्हा भिंगातून पाहिल्यास त्यात खिडकीची सुमारे २०० तावदाने मोजता येत होती, अशी नोंद त्यांनी स्वतः केली आहे. (त्यांच्या पत्नी त्या पिटुकल्या लाकडी कॅमेऱ्यांना उंदराचे सापळे म्हणत.) खिडकी अजून तिथेच आहे आणि तिने घातलेला पेचही तोच आहे : बाहेरच्या उजेडाचे मोजमाप घेतले, तर चौकटीची नुसती काळी आकृती उरते, आतल्या दगडाचे घेतले, तर बाहेरचे सगळे पांढरे पडते. पर्यटक तिथे अर्धा मिनिट थांबतात. तुम्ही मात्र अर्धा रोल राखून ठेवावा.

विमानाने जाणार असाल, तर रोल सामानात न टाकता हातात ठेवावेत आणि ते सीटी स्कॅनरमधून न नेता हाताने तपासण्याची विनंती करावी. मला स्वतःला मात्र स्कॅनरने नव्हे, माझ्याच घाईने फसवले. एका बंदरावर दिवसभर फिरून फ्रेम मोजणारा काउंटर ३८ वर गेल्यावर लक्षात आले, की फिल्मचे टोक ती ओढून घेणाऱ्या स्पूलमध्ये अडकलेच नव्हते, म्हणजे एकही चित्र उमटले नव्हते. आता प्रत्येक फ्रेम पुढे सरकवताना रिवाइंडची (फिल्म परत गुंडाळण्याची) कळ फिरते आहे ना, हे मी पाहतो, आणि ती फिरत नसेल तर तिथेच सावलीत बसून रोल पुन्हा भरतो.