झे ला दाल : पॅरिस-ल्यों-मार्सेय मार्गावरची खाण्यापिण्याची बोली

पॅरिस, ल्यों, मार्सेय हा मार्ग टीजीव्हीने, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान रेल्वेने, अगदी सोपा आहे. पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकातून ल्यों पार-दियूला साधारण दोन तास, तिथून मार्सेय सँ-शार्लला पावणेदोन तासांच्या आसपास. प्रवासाचे कष्ट नाहीत. कष्ट पडतात ते काउंटरपलीकडचा माणूस काय म्हणाला हे कळायला, आणि पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये (फ्रेंच शिकवणारी संस्था) दोन-तीन पातळ्या पार केलेल्यांनाही ते चुकत नाहीत. तयारी करताना शब्दांचे दोन ढीग करावेत. मापाचे आणि मागणीचे शब्द तोंडात बसवायचे. 'हादडणे', 'ढोसणे' या जातीचे शब्द कानाला ओळखीचे करायचे, पण तोंडातून काढायचे नाहीत.

इथे उच्चार देवनागरीत जमेल तितके जवळचे दिले आहेत. जिथे अनुस्वार किंवा चंद्रबिंदू आहे तिथे स्वर नाकातून काढायचा, 'न' वेगळा ऐकू येऊ द्यायचा नाही.

पॅरिसच्या कॅफेत शिरताच आधी 'बोंझूर', मग मागणी. हा क्रम चुकला तर पुढचं फ्रेंच कितीही शुद्ध असो, वागणूक थंड मिळते. नुसतं 'अं काफे' म्हटलं की छोट्या कपात एस्प्रेसो येते. त्यात दुधाचा थेंब हवा असेल तर 'यून न्वाझेत', पाणी वाढवलेली हवी तर 'अं नालोंझे', भरपूर दुधाची हवी तर 'अं क्रेम', कॅफीन नको असेल तर 'अं देका'. शेजारचा माणूस 'अं झ्यू' किंवा 'अं कावा' मागत असेल तर तीही कॉफीच. हा 'कावा' म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या अरबीतून आलेला आपला ओळखीचा कहवा. काउंटरला बोलीत 'झँग' म्हणतात, म्हणजे जस्त, कारण जुन्या काउंटरांवर धातूचा पत्रा असे. झँगपाशी उभं राहून प्यायलेली कॉफी सर्वांत स्वस्त, आत टेबलावर महाग, तेरासवर, म्हणजे बाहेर मांडलेल्या टेबलांवर, बहुधा त्याहून महाग. दरपत्रकात हे दर वेगवेगळे छापलेले असतात, ते बसण्याआधी वाचावं. उभ्याने मागवून मग टेबलावर जाऊन बसणं चालत नाही.

बेकरीत 'यून बागेत' मागता येते, पण जाणकार 'यून त्रादिस्यों' मागतात. १९९३ च्या सरकारी आदेशाने ठरवलेली ही बागेत: पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, वरून मिसळलेले पूरक पदार्थ (ॲडिटिव्ह) नाहीत, गोठवलेलं पीठ नाही. फरक चवीत लगेच कळतो. 'ब्यँ क्वित' म्हणजे खरपूस, 'पा त्रो क्वित' म्हणजे फिकट. अर्धी हवी तर 'यून दमी', बहुतेक ठिकाणी मिळते. मागणी झाली की समोरून येतं 'ए आवेक ससी?', म्हणजे आणखी काही? उत्तर 'स स्रा तू', एवढंच. तिथेच खाणार की नेणार याचा प्रश्न 'स्युर प्लास उ आ आँपोर्ते?' असा एका दमात येतो. या तिन्ही गोष्टी पाठ केल्या की बेकरी सुटली.

आता भुकेचे शब्द. 'झे फँ' हे पुस्तकातलं. रस्त्यावर ऐकू येतं ते 'झे ला दाल'. मराठी कानाला हे 'माझ्याकडे डाळ आहे' असं वाटतं, पण 'दाल' म्हणजे फरशी, आणि जुन्या बोलीत घसा. अर्थ : पोटात कावळे ओरडताहेत. समवयस्क मित्रांत बिनधास्त बोलावं. थोडीशी भूक असेल तर 'झे अं प्ती क्र', हे कुठेही चालतं, मित्राच्या आईसमोरही. 'बूफे' हे क्रियापद मात्र दुसऱ्या ढिगातलं. लग्नातला बुफे म्हणजे 'ब्यूफे', ओठ गोल करून. 'बूफे' म्हणजे हादडणे. एखाद्या वेटरला 'बूफे'साठी काय आहे विचारणं म्हणजे आपल्याकडच्या खानावळीत 'गिळायला काय आहे' विचारण्यासारखं. 'ग्राये' आणि 'बेक्ते' त्याहून खालच्या पायरीचे. यातला 'बेक्ते' चोचीवरून आला. 'कास-क्रूत' मात्र निरुपद्रवी : दुकानाच्या पाटीवर दिसला तर सँडविच, हलकं खाणं मिळेल.

रेस्टॉरंटमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ 'मन्यू' या शब्दाने होतो. 'ल मन्यू' म्हणजे पदार्थांची यादी नव्हे, ठरलेल्या किमतीचं पूर्ण जेवण. यादीला 'ला कार्त' म्हणतात. दुपारी 'फॉर्म्यूल' घ्यावा : 'आँत्रे' आणि 'प्ला', किंवा 'प्ला' आणि गोड. अमेरिकन इंग्रजीत आँत्रे म्हणजे मुख्य पदार्थ, फ्रान्समध्ये सुरुवातीचा. तिकडून आलेले लोक इथे उपाशी उठतात. दुपारचं स्वयंपाकघर साधारण बारा ते दोन आणि संध्याकाळी सात ते दहा चालतं. अडीचला पोचलात तर काचेवर 'सेर्विस कोंतिन्यू' लिहिलेलं ठिकाण शोधा. एखादा पदार्थ संपला असेल तर वेटर म्हणतो 'याँना प्ल्यू'. शेवटी 'स' ऐकू आला नाही तर अर्थ 'संपलं'. बोलताना नकाराचा 'न' गळून पडतो, म्हणून नवख्याला हे 'आणखी आहे' असं ऐकू येतं.

पाणी विकत घेऊ नये. 'यून काराफ दो' म्हटलं की नळाचं पाणी फुकट येतं. २०२२ पासून फुकट पाणी मागता येतं हे दर्शनी जागी लिहिणं उपाहारगृहांना आणि बारना बंधनकारक आहे. नुसतं 'द लो' म्हटलं तर बाटलीबंद येऊ शकतं आणि बिलात लागतं. या नळाच्या पाण्याला थट्टेने 'शातो-ला-पोंप' म्हणतात, पंपाच्या वाड्यातली वाइन. ही थट्टा यजमानाने करावी, पाहुण्याने नाही.

शाकाहाऱ्यांनी 'वेजेतारियँ' एवढ्यावर विसंबू नये. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे छोटे तुकडे, 'लार्दों', सवयीने पडतात आणि कित्येक स्वयंपाकघरांत ते 'मांस' या सदरात मोजलेच जात नाहीत. म्हणून सुटं सुटं सांगावं : 'साँ व्याँद, साँ प्वासों, साँ लार्दों', म्हणजे मांस, मासे, लार्दों यांशिवाय. 'प्वासों'मधला 'स' स्पष्ट म्हणावा. तो 'झ' झाला तर मासा सोडून विष होतं. परिरक्षकं नकोत असं सांगायचं असेल तर शब्द 'कोंसेर्वातर'. इंग्रजीवरून बेतलेला 'प्रेझेर्वातीफ' म्हणजे निरोध. अगदी काटेकोर असाल तर पारंपरिक चीजही सोडावं लागेल, कारण त्यात बहुधा वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट, 'प्रेझ्यूर', असतं.

कुणाच्या घरी जेवायला गेलात तर एकच गोष्ट घोकून जा. पुन्हा वाढायला आले आणि तुम्ही नुसतं 'मेर्सी' म्हणालात, तर त्याचा अर्थ 'नको' असा घेतला जातो, आणि भांडं पुढे जातं. हवं असेल तर 'वी, वोलोंत्ये'. आपल्याकडचा आग्रह तिथे नाही, दुसऱ्यांदा विचारतीलच असं नाही. संकोचाने नको म्हणणाऱ्याचं पोट अर्धंच भरतं. पोट भरलं हे सांगायला 'झ स्वी प्लँ' म्हणू नये, त्यातून 'मला चढली आहे' असाही अर्थ निघतो, आणि बाईने 'प्लेन' म्हटलं तर गाभण. 'बूरे' म्हणजे शब्दशः ठासून भरलेला, पण बोलीत झिंगलेला. सुरक्षित वाक्य : 'झे त्रे ब्यँ माँझे, मेर्सी'. जेवणानंतर वेटर 'सा आ एते?' विचारेल, म्हणजे ठीक होतं ना. त्यालाही 'त्रे ब्यँ' पुरतं.

संध्याकाळी 'आपेरो', म्हणजे जेवणाआधीचं पेय आणि चटकमटक. इथे मापं महत्त्वाची. 'अं दमी' म्हणजे अर्धा, पण अर्धा लिटर नव्हे : २५ सेंटीलिटर बिअर. अर्धा लिटर हवा तर 'यून पँत'. त्याहून कमी, साडेबारा सेंटीलिटरचा, 'अं गालोपँ', जो पत्रकात नसला तरी मागता येतो. 'यून प्रेस्यों' म्हटलं की पिंपातली बिअर. लेमोनेड घातलेली 'पानाशे', तिच्यात डाळिंबी सिरप पडलं की 'मोनाको'. वाइनचा पेला 'अं बालों'. 'पिनार' म्हणजे साधी वाइन आणि 'पिकेत' म्हणजे पाणचट, आंबट, टाकाऊ. दुसरा शब्द यजमानाच्या वाइनबद्दल कधीही उच्चारू नये. पेला उंचावताना 'साँते' म्हणायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं. न पाहणं उद्धटपणा मानतात. थोडी चढलेला 'पोंपेत', पुरता गेलेला 'बूरे', आणि दुसऱ्या दिवशीचं जडपण म्हणजे 'गल द ब्वा', लाकडी थोबाड. कुणी 'क्यू सेक!' ओरडलं तर पेला एका घोटात रिकामा करायची अपेक्षा आहे; हसून सोडून दिलं तरी चालतं.

'झ वूझँवीत' (मी तुम्हाला आमंत्रण देतो) म्हणणारा माणूस तुमचे पैसे देणार आहे. तुम्ही नुसतं 'चला जाऊ' या अर्थाने ते वाक्य वापरलं तर बिल तुमच्या नावावर. बिलाला 'लादिस्यों', थट्टेने 'ला दूलूरझ', दुखरी बाई. किमतीत सेवाशुल्क धरलेलंच असतं. 'पूरब्वार' (शब्दशः पिण्यासाठी) ऐच्छिक, सुटी नाणी ठेवली तरी पुरे.

रात्री उशिरा केबाबची दुकानंच उघडी असतात. पॅरिसमध्ये केबाबच्या सँडविचला 'अं ग्रेक' म्हणतात, दुकानदार तुर्की असला तरी. प्रश्न ठरलेला : 'सालाद-तोमात-ओन्यों?' सगळं हवं तर 'कोंप्ले'. पुढचा प्रश्न सॉसचा. 'ब्लाँश' दह्याचा सौम्य, 'आरिसा' तिखट, 'सामुराई' मेयोनेज आणि मिरचीचा. ल्यों-मार्सेयला 'ग्रेक' सोडा, 'केबाब' म्हणा. पॅरिसमध्ये डाळभाताची आठवण अनावर झाली तर गार द्यू नॉर आणि ला शापेलच्या मधल्या गल्ल्यांत तमिळ खानावळी आहेत, तिथे इडली-डोसा मिळतो.

ल्योंमध्ये 'पो' हा शब्द जपून. पॅरिसमध्ये 'प्राँद्र अं पो' म्हणजे एखादं पेय घेणं. ल्योंच्या 'बूशों'त, म्हणजे तिथल्या जुन्या पद्धतीच्या खानावळीत, 'अं पो' म्हटलं की जाड बुडाची ४६ सेंटीलिटरची वाइनची बाटली टेबलावर येते. एकट्याला ती जड जाते. 'माशों' हे सकाळी नऊच्या सुमाराचं जेवण, रात्रपाळी संपवलेल्या रेशीम विणकरांचं, म्हणजे 'कान्यूं'चं : सॉसेजेस, वजडी, बोझोले वाइन. सगळीकडे मिळत नाही, आधी फोन करून विचारावं.

बूशोंच्या पत्रकातली नावं फसवी आहेत, आणि दोन्ही बाजूंनी. 'सेर्वेल द कान्यू' म्हणजे विणकराचा मेंदू. ऐकून मराठी शाकाहारी पळतो, आणि नेमका तोच पदार्थ बिनमांसाचा. चक्क्यासारख्या फ्रोमाझ ब्लाँमध्ये बारीक कांदा, लसूण, चाइव्ह, तेल, व्हिनेगर, मिरपूड. पावाबरोबर खातात. उलट 'ताब्लिये द सापर', सैनिकाचा एप्रन, हे निरागस नाव. तो गाईबैलाच्या वजडीचा पावचुऱ्यात तळलेला तुकडा. 'ग्रातों' डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, चकणा म्हणून न मागता टेबलावर येतात. 'आँदुयेत' आतड्यांची, वास उग्र; सवय नसेल तर आधी कुणाच्या ताटातली चाखून पाहावी. 'सालाद ल्योनेझ'मध्ये लार्दों असतातच.

मार्सेयला पोचलात की पेय एकच, पास्तिस, म्हणजे बडीशेपेच्या वासाची दारू, बोलीत 'पास्तागा' किंवा 'अं झोन', पिवळा. १९१५ मध्ये आब्साँत या कडक दारूवर बंदी आली, आणि पुढे १९३२ मध्ये पॉल रिकारने इथे आपलं पास्तिस बाजारात आणलं. नावाने 'अं रिकार' किंवा 'अं सँकाँते-अं' (५१) असंही मागतात. दोन सेंटीलिटर पास्तिस, त्यात पाचपट गार पाणी, म्हणजे दहा सेंटीलिटर, बर्फ सर्वांत शेवटी. आधी बर्फ टाकला तर बडीशेपेच्या वासाचं ॲनेथोल गारठून खडे धरतं आणि पेल्यात पांढरे कण तरंगतात. पाण्याने तो दुधाळ होतो तोही ॲनेथोल पाण्यात विरघळत नाही म्हणूनच. पाणी फार ओतलंत तर 'न्वाये', बुडवला, असा शेरा येईल. छोट्या पेल्यातला 'यून मोमी'. बदाम सिरप घातला की 'मोरेस्क', पुदिन्याचा 'पेरोके' म्हणजे पोपट, डाळिंबी 'तोमात'. इथे 'यून तोमात' मागून भाजी येईल अशी अपेक्षा ठेवू नका. अल्कोहोल ४५ टक्के असतं, हे त्या गोड वासामुळे लक्षात राहत नाही. खूप छान म्हणायचं तर 'तार्पँ बों'; हा खास मार्सेयचा शब्द, पॅरिसमध्ये वापरलात तर माणसं वळून बघतील.

खाण्यासाठी लेस्ताकला, मार्सेयच्या समुद्रकाठच्या वस्तीत, जावं. व्ह्यू पोरहून, म्हणजे जुन्या बंदरातून, उन्हाळी हंगामात बोट जाते, एरवी बस. बंदरालगतच्या टपऱ्यांवर 'पानिस' मिळतात : हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून, थापून, गार करून, चकत्या तळलेल्या. शुद्ध शाकाहारी, कागदात गरम देतात, मीठ-मिरपूड वरून. तळण कोणत्या तेलात आणि त्यात आणखी काय तळतात ते विचारून घ्यावं, कारण काही टपऱ्यांवर मासेही असतात. गार झाल्या की रबरासारख्या लागतात, तेव्हा तिथेच उभ्याने खाव्यात. नारिंगीच्या फुलांच्या पाण्याची 'नावेत' नावाची बिस्किटं मात्र टणक आणि टिकाऊ, घरी न्यायला ठीक. ही होडीच्या आकाराची असतात आणि लेस्ताकच्या बोटीलाही 'नावेत'च म्हणतात, त्यामुळे मराठी माणूस नावेत बसून नावेत खाऊ शकतो. परतीची शेवटची बोट लवकर सुटते, तिची वेळ जाताना धक्क्यावरच्या फलकावर पाहून ठेवावी. चुकली तर बस आहेच.