वर्षभर वाचलं, पण अकरा आठवडे एकाच पानावर अडकले होते: माझा अनुभव

मागच्या जानेवारीत ठरवलं की वर्षात ५२ पुस्तकं वाचायची, आठवड्याला एक. वाचनाची नोंद ठेवणारं एक ॲप घेतलं, त्यात आकडा टाकला आणि सुरू केलं. पहिले अडीच महिने मस्त गेले, त्याबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही. 'रणांगण' एका रविवारी संपवलं, 'बनगरवाडी' दोन संध्याकाळींत, आणि मार्चच्या मध्यापर्यंत १४ पुस्तकं झाली होती. ॲप हिरव्या अक्षरात सांगत होतं की तुम्ही तीन पुस्तकं पुढे आहात. मला फार छान वाटायचं तेव्हा, खोटं कशाला बोलू.

मग मी 'वॉर अँड पीस', टॉलस्टॉयची ती जाडजूड रशियन कादंबरी, हातात घेतली.

इतक्या वर्षांची इच्छा होती, आणि वाटलं तीन पुस्तकं पुढे आहोत तर आत्ताच वेळ आहे. इंग्रजी अनुवाद घेतला. पहिलाच त्रास म्हणजे सुरुवातीचं वाक्यच फ्रेंचमध्ये. १८०५ सालची पार्टी चालू आहे, रशियातली बडी मंडळी एकमेकांशी फ्रेंच बोलतायत, आणि मी दर दोन ओळींनी खाली तळटीप बघतेय. त्यात नावं. एकाच माणसाला कोणी पिएर म्हणतं, कोणी प्योत्र किरिलोविच, कोणी काउंट बेझुखोव. निकोलाय तर तीन आहेत, म्हातारा राजपुत्र, तरुण सैनिक आणि नंतर एक छोटा मुलगा. तरी पहिली ८०-८५ प्रकरणं मी रेटली. मग पिएर फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळात जातो तो भाग आला, दीक्षा, डोळ्यावर पट्टी, प्रतीकं, लांब लांब बोलणी, आणि तिथे मी जी थांबले ती थांबलेच.

सगळ्यात वाईट काय होतं सांगते. मी वाचणं बंद केलं नव्हतं. रोज रात्री उघडायचे, तेच पान वाचायचे, झोप यायची, दुसऱ्या दिवशी मागची दोन पानं परत वाचायला लागायची कारण कोण बोलतंय तेच आठवायचं नाही. आणि हे पुस्तक संपल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही असा माझा जुना हट्ट, त्यामुळे दुसरंही काही वाचून होईना. असे अकरा आठवडे. आणि तेवढ्या काळात ते ॲप दर सोमवारी मला सांगणार, तुम्ही एक पुस्तक मागे आहात, तुम्ही चार पुस्तकं मागे आहात, आणि जूनच्या मध्याला, तुम्ही दहा पुस्तकं मागे आहात. लाल अक्षरात. मला त्या लाल अक्षरांचा अजून राग येतो. वाचन ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आणि त्यात मी कर्जबाजारी झाल्यासारखी वागवली जात होते! मोबाईल उघडायची पण भीती वाटायला लागली होती मला.

एका रात्री मी चिडून हिशोबच केला. माणूस मनात इंग्रजी वाचतो त्याचा सरासरी वेग मिनिटाला साधारण २४० शब्दांच्या आसपास असतो, २०१९ मध्ये जुने बरेच अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आहे तो. या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादात साडेपाच लाखांच्या वर शब्द. म्हणजे ज्याची ती रोजची भाषा आहे त्यालाही जवळपास ४० तास, मला त्याहून जास्तच. 'रणांगण'ला मला चार तास लागले होते. ॲपमध्ये दोन्ही पुस्तकं एक-एक! चाळीस तासांचं पण एक आणि चार तासांचं पण एक. मग जिला आकडा गाठायचाय ती बाई जाड पुस्तक घेईलच कशाला? आणि खरं म्हणजे मी पहिल्या अडीच महिन्यांत तेच केलं होतं, पातळ पातळ निवडून घेतली होती, काहींचा तर नुसता शेवट गाठला होता. हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं आणि खूप वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी केल्या. ध्येय ५२ वरून १ केलं, ते अगदी लगेच झालं, आणि नोटिफिकेशन बंद केलं. अनुवाद बदलला, ज्यात फ्रेंच संवाद पण इंग्रजीत आहेत असा घेतला, आणि याने जो फरक पडला तो मी आधी का नाही केलं असं वाटण्याइतका होता. आणि एका जाड कागदाच्या बुकमार्कवर घराण्याप्रमाणे नावं लिहून काढली. रशियन नावात मधला शब्द वडिलांच्या नावावरून येतो, आंद्रेय निकोलायेविच म्हणजे निकोलायचा मुलगा आंद्रेय, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ जातो. कोणी जाड रशियन कादंबरी घेणार असेल तर पहिल्या दिवशीच हा बुकमार्क करा, मी तीन महिन्यांनी केला.

मग पुस्तकं मोजायच्या ऐवजी प्रकरणं मोजायला लागले. मूळ कादंबरीत ३६१ प्रकरणं आहेत, काही अनुवादांत मोजणी थोडी वेगळी येते. म्हणजे एक प्रकरण सरासरी सात मिनिटांचं, माझ्या वेगाने दहा. रोज पाच प्रकरणं ठरवली, कधी तीन व्हायची कधी आठ. आणि ऐका, मी जिथे अडकले होते तिथून फक्त वीसेक प्रकरणांवर तो ओक वृक्षाचा प्रसंग आहे. आंद्रेयला, म्हणजे त्या म्हाताऱ्या राजपुत्राच्या मुलाला, वसंतात तो म्हातारा ओक दिसतो, सगळं रान हिरवं आणि हा एकटा वठलेला, आणि आंद्रेयला वाटतं बरोबर आहे याचं, आपलं आयुष्य संपलं. आणि परतताना जूनमध्ये तोच ओक पानांनी भरलेला, आधी तर त्याला ओळखूच येत नाही. मी ते वाचून पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते. अकरा आठवडे मी याच्या इतक्या जवळ होते!

त्यानंतर लांडग्याची शिकार, त्या तरुण सैनिकाची बहीण नताशा हिचं काकांकडे नाचणं, १८१२ ची नेपोलियनशी झालेली बोरोदिनोची लढाई, सगळं झरझर गेलं, सप्टेंबरमध्ये संपलं. लढाईबद्दलची लेखकाची मोठी मोठी भाषणं मी ऑडिओबुक लावून आणि डोळ्यासमोर पान ठेवून वाचली, तसं केलं की मन कमी भरकटतं. आणि घाई करायचं काही कारण पण नव्हतं, ही कादंबरी १८६५ मध्ये मासिकात छापायला सुरुवात झाली आणि पुस्तक पूर्ण व्हायला १८६९ उजाडलं, पहिल्या वाचकांना तर पुढच्या भागाची वाट बघत बसायला लागत होतं.

वर्षाची बेरीज ३१ पुस्तकं. नऊ अर्ध्यात सोडली, हट्ट सोडल्यावर हे जमायला लागलं, आणि सोडलेल्यांतलं एकही परत आठवलं नाही. डिसेंबरमध्ये यादी समोर घेऊन प्रत्येक नावापुढे आठवेल ते एक वाक्य लिहायचं असं केलं. पहिल्या १४ पैकी सहांपुढे मला काहीच लिहिता आलं नाही, कोरी जागा. सप्टेंबरनंतर वाचलेल्या सगळ्यांपुढे लिहिता आलं. 'स्मृतिचित्रे'पुढे तर अर्धं पान झालं, ते मी मुद्दाम महिनाभर पुरवून वाचलं होतं. आता पुस्तक संपलं की त्याच रात्री ते एक वाक्य वहीत लिहिते, ॲपमध्ये नाही.

हां, एक सांगायचं राहिलं. 'वॉर अँड पीस'च्या उपसंहाराचे दोन भाग आहेत. गोष्ट पहिल्या भागात संपते, त्या छोट्या निकोलायच्या स्वप्नावर. दुसऱ्या भागात गोष्ट अजिबात नाही, इतिहास कशाने घडतो यावर नुसता विचार आहे. दोन्ही एका दमात वाचू नका. मी त्या स्वप्नावर थांबले, तीन आठवडे पुस्तक तसंच उशाशी ठेवलं, आणि मग दुसरा भाग सावकाश, रोज एक प्रकरण असा वाचला.