हात न लावता पाहिलेली काठी

जिनिव्हाला आम्ही गेलो ते एलिझाबेथ ब्लॅकवेलसाठी. पोकीप्सीच्या स्मशानभूमीत आनंदीबाई जोशींच्या रक्षेची जागा पाहून आलो, तेव्हापासून लेकीने धोशा लावला होता की अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी मिळवणारी पहिली बाई जिथे शिकली, ते गावही बघायचं. हे जिनिव्हा स्वित्झर्लंडचं नव्हे, न्यूयॉर्क राज्यातलं, सेनेका तळ्याच्या उत्तर टोकावरचं. न्यू जर्सीहून पाच तास गाडी, सगळा वेळ पाऊस, आणि रात्री ज्या मोटेलात उतरलो तिथला हीटर बंद. एप्रिलमध्ये तिकडे जाणार असाल तर अंगावर दोन स्वेटर असू द्या. मी एकच घेतला होता आणि रात्रभर कुडकुडले.

ती शिकली ते कॉलेज, आजचं हॉबार्ट, आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजएवढं. ब्लॅकवेलचा अर्ज आला तेव्हा प्राध्यापकांनी निर्णय वर्गातल्या मुलांवर सोपवला, मुलांना ती थट्टा वाटली, त्यांनी होकार दिला. २३ जानेवारी १८४९ ला ती पदवी घेऊन बाहेर पडली. तिच्या पुतळ्याशेजारी लेकीचे फोटो काढून झाले आणि आम्ही निघणार, तेवढ्यात लांबून आरोळी उठली. लॅक्रॉसचा, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा त्या खेळाचा सामना होता, कॉलेजच्या बॉसवेल फील्डवर.

या एकाच मैदानावर शरदात अमेरिकन फुटबॉल आणि वसंतात लॅक्रॉस. इथली मुलं लॅक्रॉस खेळताहेत १८९८ पासून. बेब क्राउस या प्रशिक्षकाने तो संघ चाळीस वर्षं सांभाळला. पुढे १९८० ते १९९१ अशी सलग बारा वर्षं कॉलेजांच्या तिसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय अजिंक्यपद याच संघाकडे होतं, त्यातली पहिली दहा डेव्ह युरिक यांच्या हाताखाली. फुटबॉलचा संघ आजही तिसऱ्या श्रेणीत आहे. लॅक्रॉसवाले मात्र १९९५ पासून पहिल्या श्रेणीत, बड्या विद्यापीठांशी भिडतात. एवढ्याशा गावाला या मैदानाचं काय वाटत असेल, ते आजूबाजूच्या म्हाताऱ्यांच्या घसा फोडून ओरडण्यावरून कळत होतं.

आमच्या शेजारी एक आजोबा बसले होते. ओनोंडागा, म्हणजे सेनेकांसारखेच होडेनोशोनी या मूळ अमेरिकन लोकांच्या महासंघातल्या सहा राष्ट्रांपैकी एका राष्ट्राचे. मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट. मध्यंतरात त्यांनी ते उलगडलं. लाकडी लॅक्रॉस काठी होती. मैदानातल्या मुलांच्या हातात धातूच्या दांड्याला प्लास्टिकचं डोकं लावलेल्या काठ्या. ही अख्खी एकाच लाकडाची, हिकरीची. लाकूड चिरायचं, वाफेवर नरम करून वाकवायचं, सुकवायचं, तासायचं. तयार व्हायला महिने जातात. वरचं टोक आकड्यासारखं वळलेलं आणि त्यात चामड्याच्या पट्ट्यांची जाळी. मला तर आमच्या कोकणातला आंबे उतरवायचा झेलाच आठवला. मित्राच्या घरी नातू झाला होता, त्याच्या पाळण्यात ठेवायला ते ही काठी नेत होते.

लेकीने हात पुढे केला. आजोबांनी काठी हळूच मागे घेतली. म्हणाले, "बाळ, हिला बायकांनी हात लावायचा नसतो." आणि ती माझ्या नवऱ्याच्या हातात दिली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजीच्या देवघराच्या उंबऱ्याबाहेर चार दिवस बसलेली आहे मी, आणि ते माझ्या मुलीच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही एवढं एक मी आयुष्यात नक्की केलं आहे. इथे तर ती पाचच मिनिटांपूर्वी ब्लॅकवेलशेजारी उभी होती. मी तोंडावर विचारलं, का म्हणून?

आजोबा रागावले नाहीत. हा खेळ त्यांच्याकडे औषध आहे. कुणी आजारी असलं की त्याच्यासाठी खेळतात, निर्मात्याला अर्पण म्हणून, आणि ते औषध पुरुषांकडे सोपवलेलं. मुली लॅक्रॉस खेळतात, होडेनोशोनी मुलींचा संघसुद्धा आहे, पण ही लाकडी काठी वेगळी. मग म्हणाले, "आमचा सरदार कोण निवडतं, ठाऊक आहे? कुळाची आई. चुकला तर पद काढूनही तीच घेते." सेनेका फॉल्स तिथून पंधरा-सोळा किलोमीटरवर. तिथे १८४८ च्या जुलैत बायका जमून मताचा हक्क मागत होत्या, आणि त्याच मुलखातल्या या बायका तो अधिकार कितीतरी आधीपासून वापरत होत्या. हे मला माहीत नव्हतं. काठीचं मला आजही पटलेलं नाही. पण आजीच्या देवघरात कुणी मला कारण सांगितलं नव्हतं, आणि घराचा कारभार तर तिच्याही हाती नव्हता.

सामना पुन्हा सुरू झाला. आजोबा मैदानाकडे बघतच बोलत राहिले. जिनिव्हा वसण्याआधी इथे कानादेसागा होतं, सेनेकांचं मोठं गाव. १७७९ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनचं सैन्य आलं. माणसं आधीच निघून गेली होती. सैन्याने घरं जाळली, उभा मका जाळला, फळझाडं तोडली. अशी चाळीसेक गावं. "झाडं का तोडायची? झाडांनी काय केलं होतं?" असं त्यांनी मला विचारलं, जणू ते मागच्या आठवड्यात घडलं होतं. मला उत्तर देता आलं नाही. समोर मुलं त्याच मातीवर अंथरलेल्या कृत्रिम हिरवळीवर, त्या लोकांचाच खेळ खेळत होती.

 

सामना संपायला आला तेव्हा नवऱ्याने काठी परत दिली. आजोबांनी ती लगेच गुंडाळली नाही. दोन्ही हातांवर आडवी धरून लेकीच्या तोंडापर्यंत आणली आणि म्हणाले, "वास घे." तिने हात पाठीमागे बांधले, वाकली आणि डोळे मिटून हुंगलं.

"धूर," ती म्हणाली. "आणि नव्या चपलेचं चामडं."

आजोबा हसले, घोंगडीची घडी घातली आणि पायऱ्या उतरून गेले.