नरक्याची रोपं मोजून काय होणार?

नरक्या म्हटलं की पहिल्यांदा त्याच्या फुलांचा घाण वास आठवतो, महाबळेश्वर-आंबोलीकडे फिरलेल्यांना माहीत असेल. पण झाड गोत्यात आलं ते त्यातल्या कॅम्प्टोथेसिनमुळे. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी (हो, आपल्या नंदुरबारचे!) या शास्त्रज्ञांनी हे रसायन एका चिनी झाडातून वेगळं केलं, मग १९७२ मध्ये ते आपल्या नरक्यातही सापडलं, आणि त्यापासून टोपोटेकन, इरिनोटेकन अशी कॅन्सरची औषधं आली म्हटल्यावर लोकांनी झाडं मुळासकट उपटायला सुरुवात केली.

आता वाचवायचं म्हणजे रोपं लावा, एवढंच सगळ्यांना सुचतं. पण समजा हाताशी आहे त्या एकाच झाडाखालचं बी गोळा केलं, तर हजार रोपं लावूनही ती सगळी एका आईची पोरं ना! एखादा रोग आला की सगळ्यांवर एकदमच. झाडांचं हे आपसातलं नातं नुसतं झाडाकडे बघून कळत नाही, तिथे डीएनए मार्कर लागतात, म्हणजे झाडाझाडांतला फरक दाखवणाऱ्या डीएनएमधल्या खुणा. कोवळी पानं घ्यायची, सिलिका जेलमध्ये वाळवायची, लॅबमध्ये डीएनए काढून पीसीआर लावायचा (म्हणजे हव्या त्या तुकड्यांच्या भरपूर प्रती काढायच्या) आणि कुठल्या झाडात कुठले तुकडे दिसतात ते ताडून बघायचं. एक गोची म्हणजे नरक्या तोडला तरी बुंध्यातून परत फुटतो, त्यामुळे शेजारशेजारचे चार फुटवे चार झाडं म्हणून मोजले तर सगळा हिशोबच चुकला. या मार्करांचे प्रकार असतात. त्यातले आयएसएसआर मार्कर स्वस्तात होतात, पण आईकडून एक आणि बापाकडून दुसरं असं वेगळं काही आलंय का ते त्यात दिसत नाही, त्याला एसएसआर हा दुसरा प्रकारच हवा, आणि ते खर्चिक काम.

सगळी झाडं एकसारखी असण्याचं टोकाचं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या वॉलेमाय पाइन या झाडाचं. १९९४ मध्ये सिडनीच्या वायव्येकडच्या एका दरीत सापडला, मोठी झाडं शंभरसुद्धा नाहीत, आणि मार्कर लावून बघितले तर झाडाझाडांत फरकच दिसेना. आणि त्यांच्यावर मुळं कुजवणारी फायटोफ्थोरा (बुरशीसारखा रोगजंतू) आलीच.

मला हमखास विचारतात की मग मार्करवरून जास्त कॅम्प्टोथेसिनवालं झाड पण ओळखता येईल ना? नाही हो. हे मार्कर नातं सांगतात, रसायन नाही, त्यासाठी सालीचं वेगळं एचपीएलसी (रसायन किती आहे ते मोजणारी लॅबमधली तपासणी) करावं लागतं. आणि केलंच तरी अशा झाडांची यादी लोकेशनसकट इथे टाकायला मी काय तस्करांचा एजंट आहे का?