सांचीच्या तोरणावरचं सूप आणि मुसळ

सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणापाशी, म्हणजे पूर्वेकडच्या कोरीव दगडी प्रवेशद्वारापाशी आलेला माणूस शालभंजिकेचा (झाडाची फांदी धरून उभ्या बाईच्या शिल्पाचा) फोटो काढतो आणि आत शिरतो. जरा थांबा. बाहेरून स्तूपाकडे तोंड केलं की डाव्या हाताचा खांब घ्या. त्याची पुढची नाही, तर वाटेकडची आतली बाजू पाहा आणि सगळ्यात वरच्या चौकटीवर नजर लावा. हे उरुवेला गाव आहे, बोधगयेजवळचं, बुद्धाच्या कथेतलं.

मधोमध रिकामं आसन आणि वर छत्र, म्हणजेच बुद्ध; इथे त्याला माणसाच्या रूपात न कोरता अशा खुणेने दाखवलंय. मागे इंद्र आणि ब्रह्मा हात जोडून उभे. पण कारागिराचं मन रमलंय ते त्यांच्या पाठीमागच्या घरांत. एक बाई उखळात मुसळाने धान्य कांडतेय, दुसरी सुपाने पाखडतेय, तिसरी पोळ्या लाटतेय, आणखी एक पाट्यावर मसाला वाटतेय. खाली नैरंजना नदी, काठावर गुरं आणि घागर भरणारी बाई. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडात एवढा भरलेला संसार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

चौकट बरीच वर आहे, त्यामुळे छोटी दुर्बीण न्याच. नुसत्या मोबाईलने सूप ओळखू येणार नाही. ही बाजू उत्तरेकडे असल्याने थेट ऊन फारसं लागत नाही. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी असते आणि मान वर करून निवांत उभं राहता येतं.

मी गेलो होतो ते खरं तर खळं, म्हणजे मळणीची जागा, शोधायला. मधे तिवडा (खांब), भोवती फिरणारी बैलांची पात, वावडीवर (उंच तिवईवर) उभं राहून वाऱ्यावर धान्य उफणणारा गडी. सांचीत मला ते दिसलं नाही. इथे धान्य घरात आल्यानंतरची, म्हणजे बायकांच्या हातची कामं आहेत. खळ्यासाठी पोथ्यांकडेच वळावं लागतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (सूक्त ४८) इंद्र फुशारकी मारतो, की खळ्यावर पेंढ्या झोडाव्यात तसं मी शत्रूंना झोडतो. तोच इंद्र इथे कांडणाऱ्या बाईपुढे हात जोडून उभा आहे! (म्हणजे बुद्धापुढे, पण दिसतं तसं.) शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी अशी चारही कामं एका दमात येतात. 'अर्थशास्त्र' लिहिणारा कौटिल्य तर व्यवहाराचं बोलतो: खळ्यावरच्या माणसांजवळ विस्तव नको, पाणी हवं. गंजीला आग लागलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मराठी माणसाने दक्षिण तोरणही चुकवू नये. त्याच्या सर्वांत वरच्या तुळईवर राजा सिरि सातकणी या सातवाहन राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. सातवाहनांचा हा धागा थेट हाल या सातवाहन राजाच्या 'गाथासप्तशती' या काव्यसंग्रहापर्यंत, आपल्या महाराष्ट्री प्राकृतापर्यंत येतो. त्यातली एक गाथा मला फार आवडते. साळीची शेतं पिकून पांढरी पडली, आता कापणी होणार आणि प्रियकराला भेटायची जागा जाणार म्हणून एक मुलगी मान खाली घालून रडतेय. सखी म्हणते, रडतेस काय, तागाचं शेत बघ, तोंडाला हरताळ (पिवळा रंग) फासलेल्या नटीसारखं पिवळं फुललंय; म्हणजे भेटायला नवी जागा तयार आहे. पीकपाण्याचा असा हिशेब कौटिल्याला सुचला नसता.

जाण्याचं म्हणाल तर भोपाळहून सुमारे ५० किलोमीटर, विदिशाहून १० च्या आसपास. सांची स्टेशनवर मोजक्याच गाड्या थांबतात, तेव्हा भोपाळ किंवा विदिशा गाठून पुढे बस वा टॅक्सी करणं सोपं. टेकडीच्या पायथ्याचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, म्हणून तो वार टाळा. मार्चमध्ये गेलात तर आजूबाजूला गहू काढणीला आलेला दिसेल, पण बैलांच्या मळणीची आशा धरू नका. थ्रेशर आणि हार्वेस्टरचाच आवाज. दुपारी टेकडीवर ऊन चांगलंच भाजतं, पाणी बरोबर ठेवा. दिवस उरला तर विदिशाजवळची उदयगिरीची लेणी पाहून घ्या. तिथलं विष्णूच्या वराह अवताराचं शिल्प भव्य आहे, मात्र सूप-मुसळाच्या शोधात असाल तर तो वेळ सांचीच्या पूर्व तोरणालाच द्या.