तुम्ही विचारलंत म्हणून: दोन रोटरचं हेलिकॉप्टर उचललं की का गरगरतं?

साताऱ्या-सांगलीच्या सिम्युलेटरवाल्यांचा प्रश्न ठरलेला: फ्लाइटगिअर या विमान-सिम्युलेटरमध्ये चिनूक या लष्करी मालवाहू हेलिकॉप्टरसारखं पुढे-मागे रोटर (वर फिरणारे मोठे पंखे) असलेलं हेलिकॉप्टर बनवलं, पण जमीन सोडली की भोवऱ्यासारखं फिरतं. शेपटीला पंखा लावू का?

नको. एका रोटरचा टॉर्क, म्हणजे यंत्राला उलट फिरवणारा जोर, मारायला शेपटीचा पंखा लागतो. इथे दोन रोटर उलटसुलट फिरून तो हिशेब आपसांत मिटवतात. आधी वायसिमच्या (फ्लाइटगिअरमधल्या उड्डाणाच्या गणिताच्या) फाइलमध्ये दोन्ही रोटरचं ‘सीसीडब्ल्यू’ बघा; तिथे 1 म्हणजे घड्याळाच्या उलट. बहुतेक वेळा पहिला रोटर कॉपी करून दुसरा केलेला असतो आणि दोन्हीकडे 1 राहिलेला असतो. वरून पाहिल्यावर पुढचा घड्याळाच्या उलट फिरायला हवा, मागचा घड्याळासारखा.

मापं चिनूकचीच घ्या: प्रत्येकी 3 पाती, व्यास 18.29 मीटर, 225 आरपीएम (मिनिटाला फेरे). दोन्ही केंद्रांत साधारण 12 मीटर अंतर, म्हणजे फिरत्या पात्यांच्या चकत्या सहा मीटरहून जास्त एकमेकींवर येतात. खऱ्या यंत्रात शाफ्टने दोन्ही रोटर बांधलेले असतात, म्हणून पाती भिडत नाहीत आणि एक इंजिन बंद पडलं तरी दोन्ही फिरतात. चित्रातही एका रोटरची पाती 60 अंशांनी सरकवा. मागचा रोटर दीडेक मीटर उंच ठेवा. पुढचा मास्ट (रोटरचा खांब) 9 अंश पुढे झुकवा (फाइलमध्ये त्याची दिशा सांगणारे आकडे: एनएक्स 0.156, एनझेड 0.988), मागचा 4 अंश (0.070 आणि 0.998).

खरी गोम कंट्रोलच्या मिश्रणात आहे. दांडी पुढे केली की पुढच्या रोटरचा कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा एकत्र बदलणारा कोन) कमी, मागच्याचा जास्त. दांडी डावीकडे, तर दोन्ही रोटर डावीकडे कलतात. डावं पेडल दाबलं तर पुढचा डावीकडे, मागचा उजवीकडे. या तिसऱ्यात एक चिन्ह चुकलं की पेडल दाबल्यावर यंत्र वळण्याऐवजी आडवं कलतं. इंजिन बंद ठेवून प्रॉपर्टी ब्राउझरमध्ये (फ्लाइटगिअरचे आतले आकडे दाखवणाऱ्या खिडकीत) एकेक कंट्रोल हलवा आणि चिन्हं कागदावर लिहा. कंटाळवाणं आहे, पण पुढची दहा आपटणं वाचतात. कलेक्टिव्ह हलवणाऱ्या थ्रॉटलची दिशाही उलटी असते, पूर्ण पुढे म्हणजे कलेक्टिव्ह तळाला.

सगळं बरोबर असूनही नाक हळूहळू डावीकडे सरकत असेल तर गुरुत्वमध्य तपासा. तो दोन रोटरच्या मधून 0.6 मीटर मागे गेला तरी मागच्या रोटरवर 55 टक्के वजन येतं, त्याचा टॉर्क वाढतो आणि तो नाकाला डावीकडे ढकलतो. टाक्या भरण्याआधी अर्ध्या इंधनावरच उडवा.

पहिलं उड्डाण कराडच्या धावपट्टीवर करा (अक्षांश 17.28, रेखांश 74.16), वारा शून्य. दोन-तीन मीटरवर तरंगवा. आडवं कलताना ते चपळ वाटेल, कारण त्या दिशेला वजन मध्याजवळच असतं; आयलरॉनची (डावी-उजवीकडे कलवणाऱ्या कंट्रोलची) मर्यादा कमी ठेवा. तिथे जमल्यावरच पुढे सरका. वेग घेताना मागचा रोटर पुढच्याने खाली ढकललेल्या हवेत शिरतो, शेपूट बसते, नाक वर जातं. वेग आणखी वाढला की तो झोत सौम्य होतो आणि नाक आपणहून खाली जातं. म्हणजे हे यंत्र मुळातच अस्थिर. खऱ्या चिनूकलाही आपोआप सावरणारी यंत्रणा लागते. तुम्ही नाक वर-खाली होण्याच्या वेगावर उलट इनपुट जोडा, दर अंश प्रति सेकंदाला 0.02 पासून. झोके वाढत गेले तर हा आकडा निम्मा करा.

मग कास. खऱ्या पठारावर फुलांच्या दिवसांत कोणी हेलिकॉप्टर उतरवेल तर लोक त्याला सोडणार नाहीत, इथे बिनधास्त उतरवा. साधारण 1,200 मीटर उंचीवर 30 अंश तापमान ठेवलं तर हवा समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेच्या 82 टक्केच दाट उरते. पूर्ण कलेक्टिव्हवरही चाकं उठली नाहीत, तर आरपीएम बघा. तो पडत असेल तर ताकद कमी पडते आहे, वजन उतरवा. 225 वर ठाम असेल तरच कमाल कलेक्टिव्ह एखाद्या अंशाने वाढवा.